लॅपटॉपऐवजी टॅब आणि घरचा डेस्कटॉप : मुद्रितशोधनाच्या टेबलावरून एक परीक्षण

मराठी पुस्तकांचे आणि दिवाळी अंकांचे मुद्रितशोधन, म्हणजे छपाईपूर्वी प्रूफ वाचून चुका काढणे, हे माझे रोजचे काम असून या परीक्षणातील मते त्याच कामाच्या गरजांवरून ठरली आहेत. जुना लॅपटॉप बाजूला करून त्याच्या जागी दुसरा लॅपटॉप न आणता मी दोन वस्तू घेतल्या. वाचण्यासाठी आणि खुणा करण्यासाठी सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब एस१० एफई घेतला, तर टंकलेखन, फाइलींचे रूपांतर आणि साठवण यांसाठी लेनोवोचा थिंकसेंटर एम७२०क्यू हा रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला आणि दुरुस्त करून पुन्हा विकलेला, छोटा डेस्कटॉप. ज्यांच्या कामात वाचन आणि टंकलेखन हे दोन भाग स्वच्छ वेगळे पडतात, त्यांच्यासाठी ही जोडी एका लॅपटॉपपेक्षा निःसंशय चांगली आहे, असे माझे मत झाले आहे. ज्यांच्या कामात ते तसे वेगळे पडत नाहीत, त्यांच्या अडचणीही पुढे सांगितल्या आहेत.

लॅपटॉप बदलणे अटळ होते. विंडोज १० ची मोफत सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, आणि माझ्याकडचा सहाव्या पिढीचा होता. घरगुती वापरकर्त्यांसाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव अद्यतनांची सोय होती, तेव्हा केवळ तेवढ्या कारणाने घाई करण्याची गरज नव्हती. परंतु बॅटरी फुगून टचपॅड वर उचलला गेला होता आणि बिजागरीजवळचे प्लास्टिक तडकले होते. फुगलेली लिथियम-आयन बॅटरी दाबली किंवा टोचली गेली तर पेट घेऊ शकते, म्हणून अशा अवस्थेतला लॅपटॉप चार्जिंगला लावून वापरत राहू नये, हे येथे आवर्जून सांगते.

नव्या लॅपटॉपचा विचार मी का सोडला, याचे कारण लॅपटॉपच्या रचनेतच आहे. त्याचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जखडलेले असतात. पडदा डोळ्यांच्या पातळीवर आणला तर हात खांद्यापर्यंत वर जातात, आणि हात टेबलावर नीट टेकवले तर मान दिवसभर खाली राहते. दिवाळी अंकांच्या हंगामात, म्हणजे जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत, दिवसाचे बहुतेक तास पानांवर नजर रोवून बसावे लागते, आणि तेव्हा मानेला होणारा त्रास हा किरकोळ मुद्दा राहत नाही. शिवाय प्रूफ उभ्या पानाचे आणि लॅपटॉपचा पडदा आडवा, त्यामुळे पूर्ण पान एका नजरेत घ्यावे तर अक्षर बारीक होते आणि अक्षर वाचनीय करावे तर अर्धेच पान दिसते. परिच्छेदाची मोड, पानाच्या तळाशी एकटी पडलेली ओळ, मथळ्याखालची मोकळी जागा अशा मांडणीतल्या चुका पूर्ण पान समोर असल्याशिवाय ध्यानात येत नाहीत.

टॅबने सर्वांत मोठा फरक याच ठिकाणी पाडला. त्याचा पडदा १०.९ इंची आणि २३०४ × १४४० बिंदूंचा आहे. उभा धरला तर दिसणारी रुंदी सुमारे १४.७ सेंटिमीटर आणि उंची सुमारे २३.५ सेंटिमीटर भरते. मराठी पुस्तकांचा नेहमीचा डेमी आकार साडेपाच बाय साडेआठ इंचांचा, म्हणजे सुमारे १४ बाय २१.६ सेंटिमीटरचा असतो. याचा अर्थ असा की डेमी आकाराचे पान या टॅबवर जवळजवळ मूळ मापात, छापील पुस्तकात दिसेल तसेच दिसते. वाचकाच्या हातात जे पान जाणार आहे तेच पान त्याच आकारात तपासता येणे, ही मुद्रितशोधकाला किती मोलाची सोय आहे, हे छापील प्रुफांवर वर्षानुवर्षे काम केलेल्यांना वेगळे सांगायला नको. बिंदूंची घनता इंचाला सुमारे २५० असल्याने अनुस्वार, रफार, ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्यांमधला फरक, जोडाक्षराखाली चिकटलेला उकार हे सगळे स्वच्छ उमटते. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक जुन्या लॅपटॉपवर पान मोठे करून पाहावा लागे. टॅबवर तो वाचण्याच्या ओघातच डोळ्यांत भरतो.

ए४ आकाराच्या पानांची गोष्ट मात्र वेगळी आहे. २१ सेंटिमीटर रुंदीचे पान १४.७ सेंटिमीटरमध्ये बसवले की ते ७० टक्क्यांवर येते आणि १२ पॉइंटचे अक्षर साधारण साडेआठ पॉइंटचे दिसते. प्रबंध, अहवाल किंवा मोठ्या आकाराची नियतकालिके तपासायची असतील तर ॲपलचा ११ इंची आयपॅड अधिक बरा पडेल, कारण त्याच्या पडद्याचे प्रमाण ए४ पानाच्या प्रमाणाच्या अगदी जवळचे आहे आणि तेच पान तिथे सुमारे ७५ टक्क्यांवर दिसते. मी आयपॅड घेतला नाही याची कारणे दोन होती. माझे बहुतेक काम डेमी आकाराचे आहे, आणि सॅमसंगच्या टॅबसोबत एस पेन हे पडद्यावर लिहिण्याचे पेन खोक्यातच मिळते, तर आयपॅडसाठी पेन्सिल वेगळी विकत घ्यावी लागते. आयपॅड (ए१६) २०२५ मध्ये ३४,९०० रुपयांना आला आणि यूएसबी-सी पेन्सिलची किंमत तेव्हा ७,९०० रुपये होती. गॅलॅक्सी टॅब एस१० एफई त्याच वर्षी ४२,९९९ रुपयांना आला. म्हणजे पेन धरून हिशेब केला तर दोन्हींच्या किमतीत फारसे अंतर उरत नाही.

एस पेनविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण टॅबवरचे माझे सगळे काम त्याच्यावरच उभे आहे. पडद्याखालच्या यंत्रणेकडूनच त्याला ऊर्जा मिळते, त्यामुळे लिहिण्यासाठी ते चार्ज करावे लागत नाही. टोक दाबले तर रेघ जाड होते आणि हलक्या हाताने चालवले तर बारीक राहते. समासातल्या खुणा, अक्षर गाळण्याची, जागा सोडण्याची, ओळ जोडण्याची चिन्हे कागदावर करावीत तशीच करता येतात, आणि तळहात पडद्यावर टेकला तरी नको तिथे रेघ उमटत नाही. काचेवर टोक थोडे घसरते. त्यावर उपाय म्हणून कागदासारख्या पोताची फिल्म मिळते, ती मी लावून पाहिली आणि काढून टाकली, कारण तिच्या कणांमुळे अनुस्वारासारखे बारीक ठिपके मंद होतात. चित्रे काढणाऱ्याला ती आवडेल. प्रूफ वाचणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

खुणा केलेली पीडीएफ अक्षरजुळणी करणाऱ्यापर्यंत नीट पोहोचणे हा त्यापुढचा टप्पा आहे, आणि तो वाटतो तितका सरळ नाही. काही ॲप हाताने केलेल्या खुणा स्वतःच्या पद्धतीने साठवतात, आणि समोरच्याकडच्या जुन्या पीडीएफ वाचकात त्या दिसतच नाहीत. म्हणून फाइल पाठवण्यापूर्वी खुणा पानातच पक्क्या करून नवी प्रत काढावी. दुसरे असे की डीटीपी ऑपरेटर, म्हणजे संगणकावर अक्षरजुळणी करणारे, बहुधा त्या पानांचे कृष्णधवल प्रिंट काढून शेजारी ठेवतात आणि त्यात लाल खुणा करड्या होऊन मजकुरात मिसळतात. मी आता रंगावर भिस्त न ठेवता प्रत्येक दुरुस्तीची रेघ समासापर्यंत ओढते आणि तिथे स्पष्ट अक्षरात शब्द लिहिते. ही शिस्त कागदी प्रुफांच्या काळातलीच आहे आणि टॅबवरही तीच उपयोगी पडते.

पाण्यापासून आणि धुळीपासून संरक्षणाची आयपी६८ श्रेणी टॅबला आहे. पावसाळ्यात साताऱ्याहून पुण्याला एसटीने जाताना खिडकीतून तुषार आले तरी काम थांबवावे लागत नाही. वजन अर्धा किलोच्या आतले असल्याने हातात धरून फॉर्मा (एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांचा गट) संपेपर्यंत वाचता येते, आणि बॅटरी दिवसभराच्या वाचनाला पुरते. उणीव जाणवते ती उन्हात. पडदा एलसीडी प्रकारचा आणि चकचकीत असल्याने थेट प्रकाशात त्यावर प्रतिबिंबे येतात. हेडफोनची जुनी गोल जोडणी नाही. तारेने मॉनिटरला जोडून हाच टॅब संगणकासारखा वापरू, असा कोणाचा बेत असेल तर तो सोडून द्यावा, कारण या टॅबच्या यूएसबी-सी जोडणीतून चित्र बाहेर जात नाही.

आता डेस्कटॉपकडे वळते. एम७२०क्यू हे यंत्र साधारण १८ बाय १८ बाय साडेतीन सेंटिमीटरचे आहे आणि मॉनिटरच्या मागे किंवा पुस्तकांच्या फळीवरही मावते. माझ्या यंत्रात इंटेलचा कोअर आय५-८५००टी हा २०१८ सालचा सहा कोअरचा प्रोसेसर आहे, जो ३५ वॅट श्रेणीचा असल्याने फारसा तापत नाही आणि पंख्याचा आवाज शांत खोलीतही जाणवत नाही. मोठ्या कार्यालयांनी भाडेकराराची मुदत संपल्यावर काढून टाकलेली अशी यंत्रे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, आणि पुण्यातल्या संगणक-बाजारात सहज मिळतात. डेलच्या ऑप्टिप्लेक्स मायक्रो आणि एचपीच्या एलिटडेस्क मिनी या मालिकाही त्याच वर्गातल्या आहेत आणि त्यांच्याबद्दलही हेच म्हणता येईल.

मी हे यंत्र निवडले ते मुख्यतः ते उघडता येते म्हणून. मागचा एक स्क्रू काढला की झाकण सरकते, आत रॅमच्या दोन खाचा, एम.२ एसएसडीची जागा आणि अडीच इंची ड्राइव्हसाठी कप्पा दिसतो. जुन्या लॅपटॉपमधला अडीच इंची ड्राइव्ह मी याच कप्प्यात बसवला, त्यामुळे पूर्वीची सगळी प्रुफे, शुद्धलेखनाच्या याद्या आणि पत्रव्यवहार कुठेही नक्कल न करता नव्या यंत्रावर हजर झाला. आजच्या अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच झाळलेली असते आणि ती पुढे वाढवता येत नाही. ज्याला एखादे यंत्र आठ-दहा वर्षे वापरायचे आहे त्याने या गोष्टीला वेगापेक्षा अधिक वजन द्यावे असे मला मनापासून वाटते.

रिफर्बिश्ड यंत्र घेताना मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. आठवी पिढी ही विंडोज ११ च्या पात्रतेची सर्वांत खालची पायरी आहे, आणि पुढच्या आवृत्तीत ती वर सरकली तर हे यंत्र बाहेर पडू शकते. खिशाला परवडत असेल तर दहाव्या किंवा बाराव्या पिढीचे घ्यावे. बायोसला, म्हणजे यंत्र सुरू होताना आधी चालणाऱ्या मूळ प्रणालीला, आधीच्या मालकाचा पासवर्ड नाही ना, हे दुकानातच यंत्र सुरू करून तपासावे. कार्यालयांतून आलेल्या पुष्कळ यंत्रांत वायफायचे कार्डच नसते, कारण तिथे ती तारेच्या नेटवर्कवर चालत होती. जीएसटीचे पक्के बिल आणि हमीची मुदत लेखी घ्यावी. माझ्या विक्रेत्याने यंत्र चांगले दिले, पण सोबतचा अडॅप्टर मूळ कंपनीचा नव्हता आणि तो तासाभरात हात लावू नये इतका तापे. तक्रार केल्यावर “ताई, सगळे हेच वापरतात,” असे उत्तर मिळाले, आणि बिलावर अडॅप्टरचा स्वतंत्र उल्लेख असल्यामुळेच तो बदलून मिळाला.

ॲपलचा मॅक मिनी मी विचारात घेतला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेला एम४ चा मॅक मिनी १६ जीबी रॅमसह तेव्हा ५९,९०० रुपयांपासून मिळत होता, त्याचा आकार याहूनही लहान आहे आणि वेगात दोन्हींची तुलनाच होऊ शकत नाही. परंतु मराठी मुद्रणव्यवसाय अजूनही मोठ्या प्रमाणावर विंडोजवर आणि जुन्या संकेतनाच्या फॉन्टवर चालतो. श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमसारख्या प्रणालींमधले असे फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवून तयार केलेले आहेत; ते फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तोच मजकूर अर्थहीन रोमन अक्षरांच्या ओळींसारखा दिसतो. अशा प्रणालींच्या काही जुन्या आवृत्त्यांना यूएसबीचे हार्डवेअर लॉक, म्हणजे जोडल्याशिवाय प्रणाली चालू न देणारी छोटी कळ, लागते. मॅक मिनीला जुन्या चौकोनी प्रकारची यूएसबी जोडणी नाही, आणि विंडोजच्या या प्रणाली त्यावर थेट चालत नाहीत. केवळ युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या संकेतनात, काम करणाऱ्या लेखकाने किंवा अनुवादकाने मात्र मॅक मिनीचा अवश्य विचार करावा.

याच फॉन्टमुळे टॅबची मर्यादाही स्पष्ट होते. जुन्या संकेतनातली पीडीएफ टॅबवर निर्दोष दिसते, कारण फॉन्टचे आकार पीडीएफमध्येच बसवलेले असतात, आणि छपाईत येणारे मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ तसेच्या तसे दिसतात. पण त्या पीडीएफमध्ये एखादा शब्द शोधू गेले तर तो सापडत नाही, कारण आतला मजकूर देवनागरी नसतोच. एखाद्या पात्राचे नाव पुस्तकभर एकाच पद्धतीने लिहिले आहे का, हे तपासण्यासाठी मूळ फाइल डेस्कटॉपवर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावी लागते. म्हणून टॅब आणि डेस्कटॉप हे माझ्या कामात एकमेकांना पर्याय नाहीत. पहिले वाचन टॅबवर होते, नावांची आणि लेखनरूपांची छाननी डेस्कटॉपवर होते, आणि शेवटचे वाचन पुन्हा टॅबवर होते.

टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट शिकलेल्यांना पूर्ण आकाराचा कीबोर्ड फार सुखाचा वाटेल. डाव्या हाताखाली स्वर आणि मात्रा, उजव्या हाताखाली बहुतेक व्यंजने ही इनस्क्रिप्टची रचना दोन्ही हात मोकळे असताना जी गती देते, ती टॅबच्या काचेवर मिळत नाही. रोमन अक्षरांतून लिहिणाऱ्यांसाठी विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड वेगळे काही न उतरवता उपलब्ध आहे.

मॉनिटर घेताना काटकसर करू नये. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर इंचाला सुमारे ९२ बिंदू असतात आणि देवनागरीतल्या बारीक खुणा त्यावर अंधुक होतात. २७ इंची, २५६० × १४४० बिंदूंच्या मॉनिटरवर ही घनता सुमारे १०९ होते. हा आकडा टॅबच्या निम्म्याहूनही कमी असला तरी डोळे आणि पडदा यांत हातभर अंतर असल्याने तो पुरतो. या पडद्याची उंची सुमारे ३३ सेंटिमीटर असल्याने ए४ आकाराची दोन पाने शेजारी शेजारी मूळ मापात उभी राहतात, आणि जुने प्रूफ व दुरुस्त प्रूफ एकत्र पडताळता येते. मॉनिटर डिस्प्लेपोर्टने जोडावा. या पिढीच्या अनेक यंत्रांतले एचडीएमआय जुन्या प्रतीचे असते, आणि पुढे ४के मॉनिटर घेतला तर त्यातून सेकंदाला ३० चित्रांपेक्षा अधिक मिळत नाहीत.

लॅपटॉप सोडल्यावर विजेचा प्रश्न नव्याने उभा राहतो. वीज गेली तरी लॅपटॉप आपल्या बॅटरीवर चालू राही. डेस्कटॉप तत्क्षणी बंद पडतो, आणि न साठवलेले काम जाते. ६०० व्हीएचा यूपीएस येथे चैन नसून यंत्राचाच भाग समजावा. छोटा डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून वाचन-टंकलेखनाच्या कामात साधारण ५०-६० वॅट घेतात, म्हणून तेवढ्या यूपीएसवर काम आवरून यंत्र बंद करायला भरपूर वेळ मिळतो. ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे त्यांनी तो यूपीएस मोडवर आहे का ते पाहावे, कारण साध्या मोडवर वीज बदलण्यास लागणारा क्षणभराचा वेळही संगणक पुन्हा सुरू करायला पुरेसा ठरतो. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, हा खर्चही हिशेबात धरावा.

दोन यंत्रांमध्ये फाइली इकडून तिकडे नेणे कंटाळवाणे होईल ही माझी मुख्य शंका होती, आणि ती बऱ्याच अंशी निराधार ठरली. गूगल ड्राइव्हची १५ जीबी मोफत जागा प्रुफांना पुरते. मात्र टॅबवर फाइल ऑफलाइन ठेवण्याची सूचना प्रवासापूर्वी प्रत्येक फाइलला आठवणीने द्यावी लागते, नाहीतर खंबाटकी घाटात नेटवर्क गेले की पुस्तक उघडत नाही. कार्यालयातून आलेल्या यंत्रावर बहुधा विंडोजची प्रो आवृत्ती असते, आणि त्यामुळे घरात कुठेही बसून टॅबवरून डेस्कटॉप चालवता येतो. होम आवृत्तीत बाहेरून असे जोडून घेण्याची विंडोजची स्वतःची सोय नाही.

टॅब, डेस्कटॉप, मॉनिटर, कीबोर्ड-माउस आणि यूपीएस मिळून माझा एकूण खर्च ८०,००० रुपयांच्या थोडा वर गेला, आणि त्याच रकमेत एक चांगला लॅपटॉप नक्की आला असता. ज्यांना ग्राहकाच्या कार्यालयात बसून मजकूर टाइप करावा लागतो, जे दोन गावांत विभागून राहतात, किंवा ज्यांच्या घरी टेबलाला कायमची जागा नाही, त्यांनी तो लॅपटॉपच घ्यावा आणि घरी त्याला वेगळा मॉनिटर जोडावा. मला स्वतःला अशी अडचण फक्त छापखान्यात येते, जेव्हा शेवटच्या क्षणी दोन परिच्छेद नव्याने लिहून द्यावे लागतात. तेव्हा मी ते टॅबवर एस पेनने लिहून देते आणि ऑपरेटर त्यांच्या यंत्रावर जुळवतात. नंतर तेवढ्या भागाचे प्रूफ तिथेच बसून वाचावे लागते, आणि त्यासाठी परतीची एसटी एक गाडी उशिराची धरावी लागते.